खुब्याचं दुसरं ऑपरेशन: आधी जुने स्टिकर शोधा

बसवलेला कृत्रिम खुबा सैल झाला, त्याच्या कपामागचं (कमरेच्या हाडात बसवलेल्या वाटीमागचं) हाड झिजून गेलं आणि डॉक्टरांनी ‘रिव्हिजन’, म्हणजे तो बदलायचं ऑपरेशन सांगितलं, की घरचे आधी मेडिक्लेमच्या मागे लागतात. ते होईल. आधी पहिल्या ऑपरेशनची फाईल काढा. डिस्चार्ज कार्ड नव्हे, ऑपरेशन नोटचं ते पान, ज्यावर इम्प्लांटचे बारकोडवाले छोटे स्टिकर चिकटवलेले असतात. आईच्या वेळी आम्ही सगळं नेलं, नेमकं हेच पान नाही, आणि ठरलेली तारीख पुढे गेली.

त्या स्टिकरवर कंपनी, मॉडेल, लॉट नंबर, कपाचं आणि त्यात फिरणाऱ्या बॉलचं माप असतं. मांडीच्या हाडात ठोकलेला दांडा, म्हणजे स्टेम, घट्ट असेल तर सर्जन तो ठेवून फक्त कप बदलू शकतात. पण नवा बॉल त्या स्टेमच्या निमुळत्या टोकावर अचूक बसला पाहिजे. स्टेम कुठला हेच कळलं नाही तर चांगला बसलेला स्टेमही उपसायची वेळ येते आणि उरलंसुरलं हाड त्यात जातं. पान घरात नसेल तर जुन्या हॉस्पिटलला लेखी अर्ज करा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात, पण जपून ठेवायचं बंधन फक्त ३ वर्षांचं आहे. म्हणून आजच विचारा. मिळालं की मोबाईलमध्ये फोटो काढा, झेरॉक्सवर बारीक अंक उठत नाहीत.

ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या होतीलच. सांध्यातलं पाणीही काढून तपासतात, कारण आत जंतुसंसर्ग असला तर सगळा बेत बदलतो, बरेचदा दोन ऑपरेशनं लागतात. पाणी काढण्याआधी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक नको असतं. खोकल्यासाठी परस्पर गोळी घेतली असेल तर सांगा. लपवू नका!

सीटी स्कॅनची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको. हाड किती गेलंय ते पॅप्रोस्की वर्गीकरणात सांगतात. ‘३ए’ किंवा ‘३बी’, म्हणजे बरंच हाड गेलंय, असं ऐकलंत तर स्पष्ट विचारा: टँटलम धातूचे तुकडे लावणार, केज (आधाराचा धातूचा पिंजरा) बसवणार, की सीटीवरून खास इम्प्लांट बनवून घेणार? असा खास इम्प्लांट बनायला आठवडे जातात. टिश्यू बँकेतलं, म्हणजे दान केलेलं हाड लागणार असेल तर ते कोण मागवणार? मुंबईत टाटा मेमोरिअलची टिश्यू बँक १९८८ पासून आहे. आणि हो, स्टिकर दाखवलेत ना?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, स्वतः ठरवू नका. किडका दात, लघवीची जळजळ, पायाची जखम आधी बरी करा. शुगर आटोक्यात हवी. रक्तदाते ठरवून ठेवा.

डिस्चार्जच्या दिवशी नव्या इम्प्लांटचे स्टिकर मागून घ्या, हाती पडल्याशिवाय निघू नका. घरी उंच कमोड, उंच खुर्ची, वॉकर. मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद. पायावर भार किती आणि कधीपासून, ते सर्जन सांगतील तेवढंच.