हातात तीन-चार ॲडमिट आहेत? या चुका टाळा

मार्च संपत आला की अमेरिकेत मास्टर्सला अर्ज केलेल्या मुलांच्या, ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. कार्नेगी मेलनचं आलं, कॉर्नेलचं आलं, इलिनॉयचंही आलं, आता जायचं कुठे? अर्जांसाठी वर्षभर राबलेली मुलं हा निर्णय मात्र रँकिंग बघून दोन दिवसांत उरकतात, याचं मला फार वाईट वाटतं. ॲडमिटच्या, म्हणजे प्रवेशाच्या पत्रावरचं मोठं नाव सगळे वाचतात. त्याखालची कोर्स आणि कॅम्पसची ओळ कुणी वाचत नाही.

माझ्या भाचीला इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसचं पत्र आलं तेव्हा घरात पेढे वाटले. ‘एमएस मिळालं’ असं आजी सगळ्यांना सांगत होती. पत्रात होतं एमसीएस. तिथलं कॉम्प्युटर सायन्सचं एमएस थीसिसचं, म्हणजे संशोधन करून प्रबंध लिहायचं, तर एमसीएस हा थीसिस नसलेला, थेट नोकरीच्या दृष्टीने आखलेला कोर्स. अर्ज भरताना हा फरक तिला किरकोळ वाटला होता, आणि पोरीला करायची होती पीएचडी! आम्ही जेवणाच्या टेबलावर सगळी पत्रं मांडली, प्रत्येकावर पेन्सिलीने ‘थीसिस आहे का?’ असं लिहिलं आणि रँकिंगमध्ये खालचं, पण थीसिस असलेलं विद्यापीठ तिने निवडलं.

कॅम्पसचंही तसंच. कॉर्नेल म्हणजे इथाका हे डोक्यात पक्कं असतं, पण कॉर्नेल टेक न्यूयॉर्क शहरात रूझवेल्ट आयलंडवर आहे. घरभाड्याचा हिशोबच बदलतो. बर्कलीच्या एमइंजीसारखा (मास्टर ऑफ इंजिनिअरिंग) वर्षभराचा कोर्स स्वस्त वाटतो, पण इंटर्नशिपसाठी मधला उन्हाळाच मिळत नाही.

पैशांची तुलना करताना पहिल्या सेमिस्टरची फी बघू नका. पदवी हातात पडेपर्यंतची फी, भाडं आणि विमा एका कागदावर मांडा. कर्जाच्या मोरॅटोरियममध्ये हप्ता थांबतो, व्याज चढतच राहतं. तेही त्याच कागदावर हवं.

१५ एप्रिलचाही घोळ होतो. अनेक अमेरिकी विद्यापीठांनी मान्य केलेली ही मुदत फेलोशिप, असिस्टंटशिप अशा आर्थिक मदतीच्या ऑफरला उत्तर देण्यासाठी आहे. नुसता प्रवेश मिळाला असेल तर तुमच्या पत्रातली तारीखच खरी.

आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म, आला की त्यावरचा कोर्स कोड तपासा. कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तरच १२ महिन्यांच्या ओपीटीनंतर, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे काम करण्याच्या परवानगीनंतर, आणखी २४ महिने मागता येतात. कर्ज काढून जाणाऱ्यासाठी ही दोन वर्षं फार मोलाची आहेत.

एका विद्यापीठात जागा राखायला डिपॉझिट भरून झालं आणि आता मन दुसरीकडे ओढतंय? ते पैसे बहुधा परत मिळत नाहीत, पण एकूण खर्चापुढे ती रक्कम लहान असते. तेवढ्यासाठी चुकीच्या कोर्सला अडकून राहू नका. व्हिसाच्या मुलाखतीआधी दुसरीकडून आय-२० मागवा आणि पहिल्यांना लगेच नकार कळवा. त्यांच्या वेटलिस्टवर कुणाचं तरी पोर रोज मेल उघडून बघत असतं.