निळा रंग आला म्हणजे झालं? कॉपर-अमोनिया संयुगं करताना या चुका टाळा

मोरचुदाच्या (म्हणजे कॉपर सल्फेटच्या) द्रावणात अमोनिया टाकल्यावर जो गडद निळा रंग उमटतो, तो पहिल्यांदा पाहणारा माणूस दोन क्षण गप्प होतो. मग रंग आला म्हणजे प्रयोग जमला असं समजून पुढे धावतो, आणि तिथेच फसतो. रंगावरून एवढंच कळतं की टेट्राअम्माइन कॉपर आयन, म्हणजे चार अमोनिया चिकटलेला तांब्याचा आयन, थोडाफार तयार झालाय. सगळं तांबं त्यात गेलं का, तो टिकेल का, वाळवल्यावर बाटलीत काय उरेल, हे रंग सांगत नाही. ते ठरतं मोकळ्या अमोनियावर, म्हणजे तांब्याला न चिकटता द्रावणात शिल्लक राहिलेल्या अमोनियावर. खालच्या बहुतेक चुका ही शिल्लक न मोजल्यामुळे होतात. त्यातल्या निम्म्या मी स्वतः करून बसलोय.

साका दिसला की हात आखडणं

पहिल्या काही थेंबांना गडद निळा रंग येतच नाही. फिकट निळसर, दह्यासारखा साका येतो. वहीत सगळे सरसकट ‘कॉपर हायड्रॉक्साइड’ लिहितात, पण सल्फेटच्या द्रावणात हा साका बहुतांशी बेसिक कॉपर सल्फेटचा असतो. पुढे अमोनिया घालत राहिलं की तो विरघळतो. घाई असलेला माणूस ‘जवळजवळ’ विरघळल्यावर थांबतो, तळाशी राहिलेल्या गढूळपणाकडे काणाडोळा करतो, आणि शेवटी स्फटिकांबरोबर तोच साका गोळा करून उत्पन्न जास्त आलं म्हणून खूश होतो.

हिशेब सोपा आहे. ५ ग्रॅम मोरचूद म्हणजे ०.०२ मोल. प्रत्येक कॉपरला चार अमोनिया, म्हणजे ०.०८ मोल. २५ टक्के अमोनियाच्या एका लिटरमध्ये साधारण १३ मोल असतात, तेव्हा कागदावर ६ मिली पुरेत. प्रत्यक्षात १० ते १२ मिली घाला. जास्तीचे चार-सहा मिली वाया जात नाहीत, तीच ती शिल्लक.

एवढं करूनही साका विरघळत नसेल तर आधी बाटलीवर संशय घ्या. महिनोन्‌महिने उघडझाक झालेल्या बाटलीवर २५ टक्के लिहिलेलं असतं, आत तेवढं असेलच असं नाही. घनता मोजली की खरं कळतं: २५ टक्के द्रावणाची ०.९१ च्या आसपास असते, आणि ती १ कडे सरकत गेली तर अमोनिया उडून गेलेला आहे. नवी बाटली मात्र उकाड्यात तशीच उघडू नका. आत दाब साठलेला असतो. आधी थंड करा, फ्युम हूडखाली (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) न्या, चष्मा लावा, मग झाकण फिरवा.

द्रावणात तपकिरी भुरभुर तरंगताना दिसली तर ते तांबं नव्हे, स्वस्त प्रतीच्या मोरचुदातलं लोखंड आहे. फेरिक हायड्रॉक्साइड अमोनिया कितीही घातला तरी विरघळत नाही. स्फटिक पाडायला अल्कोहोल (इथेनॉल) घालण्यापूर्वीच गाळून टाका.

कॉस्टिक सोड्याची ‘युक्ती’

आधी कॉस्टिक सोड्यानं शुद्ध हायड्रॉक्साइड पाडू, धुऊ आणि मग अमोनियात विरघळवू, असं पुष्कळांच्या डोक्यात येतं. कल्पना वाईट नाही, पण मग साका विरघळायचं नाव घेत नाही आणि माणूस हैराण होतो. कारण आकड्यांत आहे. टेट्राअम्माइन आयनाचा एकूण स्थैर्य स्थिरांक (अमोनियाची तांब्यावरची पकड किती घट्ट ते सांगणारा आकडा) सुमारे १० चा १३ वा घात, आणि कॉपर हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार (साका पाण्यात किती कमी विरघळतो ते सांगणारा) सुमारे २ गुणिले १० चा उणे २० वा घात. दोन्हींचा मेळ घातला तर १ मोलर अमोनियात लिटरमागे जेमतेम ०.००४ मोल कॉपर विरघळतं. ५ मोलर अमोनियात ०.०३ च्या आसपास. विरघळताना प्रत्येक कॉपरमागे दोन हायड्रॉक्साइड आयन मोकळे होतात आणि तेच पुढची वाट अडवतात.

यावर तोडगा म्हणजे चिमूटभर नवसागर (अमोनियम क्लोराइड) किंवा अमोनियम सल्फेट. अमोनियम आयन त्या हायड्रॉक्साइडला पकडून अमोनिया आणि पाणी करतो, आणि अडलेला साका डोळ्यांदेखत निळा होत विरघळतो. थेट मोरचुदापासून सुरुवात केल्यावर ही अडचण का येत नाही, तेही यातून कळतं: साका पडतानाच अमोनियम आयन तयार झालेले असतात.

हायड्रॉक्साइड पाडायचंच असेल तर सगळं थंड ठेवा. अल्कधर्मी द्रावणात ते गरम केलं की निळ्याचं काळं होतं, म्हणजे पाणी सोडून कॉपर ऑक्साइड बनतं. सोडियम कार्बोनेटनं जो हिरवट-निळा साका पडतो तोही साधा कॉपर कार्बोनेट नसतो, बेसिक कार्बोनेट असतो. समीकरण लिहिताना हे विसरलं की पुढची सगळी वजनं चुकतात.

पाणी घालून ‘पातळ’ करणं

रंग फार गडद आहे, मोजमाप जमत नाही, म्हणून दहापट पाणी घालतात आणि थोड्या वेळानं द्रावण गढूळतं. तांबं दहापट विरळ झालं, तसाच मोकळा अमोनियाही झाला. पण कॉपर आयन किती मोकळे राहणार हे अमोनियाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं, आणि दहाव्या हिश्शाचा चौथा घात म्हणजे दहा हजारावा हिस्सा. पकड तेवढी ढिली झाली की सुटलेलं तांबं साका होऊन बसतं. विरळ करायचं तर पाण्यानं नको, अमोनियाच्या द्रावणानं करा. रंगमापनात (रंगाच्या गडदपणावरून तांबं मोजताना) तांबं नसलेल्या कोऱ्या नमुन्यालाही तेच द्रावण वापरा. साध्या पाण्यातल्या कॉपरचं शोषण ८०० नॅनोमीटरच्या आसपास असतं, टेट्राअम्माइनचं ६०० च्या आसपास. शिल्लक बदलली की शिखर सरकतं आणि तांब्याचं प्रमाण आणि शोषण जोडणारी तुमची सरळ रेषा वाकडी होते.

स्फटिक धुणं आणि वाळवणं

बहुतेकांची मेहनत इथेच मातीत जाते. माझीही गेली होती. टेट्राअम्माइन कॉपर सल्फेटचे सुंदर जांभळट-निळे स्फटिक गाळून घेतले आणि सवयीनं ओव्हनमध्ये १०० अंशांवर ठेवले. तासाभरानं दार उघडलं तर अमोनियाचा भपकारा नाकात गेला आणि काचेवर फिकट हिरवट भुकटी उरली होती. बिचाऱ्या ओव्हनचा यात काही दोष नव्हता. या क्षारातला अमोनिया मोरचुदातल्या पाण्यासारखाच: उष्णता दिली की निघून जातो. नुसता हवेत उघडा ठेवला तरी हळूहळू उडतो.

धुण्यासाठी पाणी वापरू नका. २१ अंशांच्या आसपास १०० मिली पाण्यात हा क्षार जवळपास १८ ग्रॅम विरघळतो, म्हणजे दोनदा धुतलं की निम्मं उत्पन्न गाळणीखाली. आधी इथेनॉल आणि तीव्र अमोनिया समप्रमाणात मिसळून धुवा, मग नुसत्या इथेनॉलनं.

डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून वाळवायच्या बंद भांड्यात) काय ठेवता याचाही विचार हवा. सल्फ्युरिक आम्ल अमोनिया ओढून घेतं, हे लगेच लक्षात येतं. पण निर्जल कॅल्शियम क्लोराइडही अमोनियाशी जोडसंयुग करतं, याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. त्याऐवजी कळीचा चुना किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड ठेवा. स्फटिक बारीक पिठासारखे येत असतील तर इथेनॉल एकदम ओतलं गेलंय. पिपेटनं भांड्याच्या कडेवरून थर सोडा, झाकून रात्रभर हलवू नका. सकाळी लांब सुया दिसतील.

५ ग्रॅम मोरचुदापासून जास्तीत जास्त ४.९२ ग्रॅम क्षार मिळू शकतो. वजन ५.३ भरलं तर पेढे वाटू नका, ओलावा आहे. आणि सल्फेटऐवजी नायट्रेट, क्लोरेट किंवा परक्लोरेट घेऊन बघू, हा मोह कटाक्षानं टाळा. ते अम्माइन क्षार स्फोटक असतात.

मोजताना होणारे घोळ

अमोनियाचं प्रमाण सैद्धांतिक २७.७ टक्के, तांब्याचं २५.९. अमोनिया मोजायला ठरलेलं जास्तीचं आम्ल घालून उरलेलं कॉस्टिक सोड्यानं उलट मोजतात. ०.५ ग्रॅम शुद्ध क्षार ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे सुमारे १६.३ मिली खातो. इथे दर्शक फिनॉल्फ्थॅलिन घेतला तर संपलंच. त्याचा रंग बदलायच्या कितीतरी आधी तांब्याचं हायड्रॉक्साइड पडायला लागतं आणि सोडा गिळत राहतं. मेथिल ऑरेंज घ्या, आणि निळसर द्रावणात त्याचा बदल नेमका कसा दिसतो ते कोऱ्या मोरचुदाच्या द्रावणात एकदा पाहून ठेवा.

तांबं आयोडीन पद्धतीनं मोजत असाल तर पोटॅशियम आयोडाइड घालण्यापूर्वी अमोनियाचा पुरता बंदोबस्त करा. आम्लानं निळा रंग फिका करा, मग ॲसेटिक आम्लानं सौम्य आम्लता राखा. अमोनियाच्या कुशीतलं तांबं आयोडाइडला दाद देत नाही, आणि अल्कधर्मी द्रावणात आयोडीनही टिकत नाही. शेवटबिंदू गाठल्यावर स्टार्चचा निळा रंग पुन्हा पुन्हा परत येत असेल तर दोष बहुधा या आम्लतेचाच. घन आयोडीन आणि तीव्र अमोनिया तर कधीच एकत्र आणू नका. त्यातून बनणारं नायट्रोजन ट्रायआयोडाइड वाळल्यावर पिसाच्या स्पर्शानंही फुटतं.

निकेलही अमोनियात निळं-जांभळं होतं, तेव्हा नुसत्या रंगावर ‘तांबं आहे’ असा शिक्का मारू नका. ॲसेटिक आम्लानं आम्ल करून पोटॅशियम फेरोसायनाइड टाका. चॉकलेटी साका तांब्याचा.

कापूस विरघळत नाही

स्विस रसायनशास्त्रज्ञ श्वाइट्सर यांनी १८५७ मध्ये अमोनियातलं कॉपर हायड्रॉक्साइड सेल्युलोज विरघळवतं हे दाखवलं, आणि पुढे त्यावर कृत्रिम रेशमाचा एक उद्योगच उभा राहिला. हे वाचून लोक मोरचूद-अमोनियाच्या साध्या द्रावणात कापूस बुडवतात. कापूस निळा होतो, विरघळत नाही. या कामाला सल्फेट चालत नाही. हायड्रॉक्साइड पाडून सल्फेट जाईपर्यंत धुवावं लागतं, आणि इथे नवसागराची मघाची युक्तीही नको, कारण हायड्रॉक्साइड आयनच हवेत. तीव्र अमोनियात जेवढं विरघळेल तेवढंच घ्या. आणि ते गाळायचं तर कागदातून नको. गाळण कागदही सेल्युलोजच! भोक पडलेला कागद आणि खाली चिकट निळा रस, हे दृश्य मी पाहिलंय. काचेची लोकर वापरा.

पितळ, हवा आणि झाकण

तांब्याचा कीस अमोनियात टाकून बाटली बंद केली की आधी निळं झालेलं द्रावण काही वेळानं रंगहीन होतं. बिघडलं म्हणून फेकू नका. हवा संपली, आणि उरलेल्या तांब्यानं दोन प्रभाराच्या कॉपरला एक प्रभारावर आणलं. झाकण उघडा, वरून निळा थर उतरताना दिसेल. याच द्रावणाजवळ ॲसिटिलीन मात्र येऊ देऊ नका. कॉपर ॲसिटिलाइड वाळलं की स्फोट करतं.

अमोनियाच्या वाफेत पितळी नळ, स्टँडच्या पितळी पकडी ठेवणंही चूकच. ताणाखालचं पितळ अमोनियानं तडकतं. ब्रिटिश फौजेची हिंदुस्थानातली काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकायची, आणि त्यामागे अमोनिया आहे हे १९२१ मध्ये स्पष्ट झालं.

उरलेलं द्रावण

सिंकमध्ये ओतू नका, तांबं पाण्यातल्या जिवांना मारक आहे. ब्लीच तर त्यात मुळीच नको, विषारी क्लोरामाइन निघतात. कॉस्टिक सोडा घालून तांबं पाडायचा प्रयत्न बहुतेकदा फसतो, कारण मोकळा अमोनिया त्याला धरून ठेवतो. आधी हूडखाली, सावकाश, विरळ सल्फ्युरिक आम्ल घालून द्रावण फिकट निळं आणि किंचित आम्ल करा. मग लोखंडी तारेचा चोथा टाकून रात्रभर ठेवा, वर घट्ट झाकण लावू नका. सकाळी तारेवर लालसर तांबं बसलेलं असेल. वरच्या पाण्याचे दोन-तीन मिली टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन त्यात भरपूर अमोनिया टाका. लोखंडाचा हिरवट-तपकिरी साका खाली बसू द्या. वरचं पाणी अजून निळं दिसलं, तर आणखी एक चोथा.