नववी-दहावीतले एपी स्कोअर: अमेरिकेत नवीन आलेल्या पालकांसाठी थोडं अनुभवाचं

जुलैत एपीचे (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेत असतानाच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे विषय आणि त्यांच्या परीक्षा) निकाल लागले की आमच्या मराठी मंडळातल्या नवीन पालकांचे फोन सुरू होतात. नुकतंच पुण्याहून नाहीतर नाशिकहून आलेलं कुटुंब, मुलगी नववी संपवून दहावीत जाणार, ह्युमन जिऑग्राफीत ३ मिळालेत आणि आईचा आवाज एकदम बारीक, "आता चांगलं कॉलेज गेलंच का हो?" नाही गेलं. माझी दोन्ही मुलं यातून गेली, नंतर ओळखीच्या बऱ्याच मुलांचे फॉर्म भरताना शेजारी बसले, त्यामुळे हे खात्रीने सांगते.

आपल्याकडे दहावीचे टक्के, बारावी, सीईटी, जेईई, सगळं एका आकड्यावर. मेरिट लिस्ट लागते, कट-ऑफ लागतो, विषय संपला. म्हणून ५ पैकी ३ ऐकलं की आपल्या डोक्यात लगेच ६० टक्के येतात. इथे तसं नाहीये. एपीत १ ते ५ असा स्कोअर असतो आणि ३ म्हणजे पास झाल्यासारखंच, टेक्सासमधल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांना तर कायद्यानेच सहसा ३ वर क्रेडिट द्यावं लागतं, म्हणजे तो विषय कॉलेजात झालाच असं धरावं लागतं. आणि कॉलेजला त्या आकड्याच्या आधी दिसतो तो शाळेने त्या विषयाला दिलेला ग्रेड.

हे नीट समजून घ्या, कारण गोंधळ इथेच होतो. एपी क्लास वेगळा आणि मे महिन्यातली एपी परीक्षा वेगळी. क्लासमध्ये वर्षभराचे क्विझ, होमवर्क, प्रोजेक्ट धरून जो ए किंवा बी मिळतो तो ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर) जातो आणि तो लपवता येत नाही. परीक्षेचा स्कोअर मात्र मूल स्वतः कॉमन अ‍ॅपमध्ये (बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात) भरतं आणि बहुतेक ठिकाणी भरायचा की नाही ते त्याच्या हातात असतं. ४ आणि ५ भरा, २ सोडून द्या, ३ असेल तर कॉलेज बघून ठरवा. फक्त आधी शाळेच्या काउन्सिलरला एक प्रश्न नक्की विचारा, आपली शाळा एपी स्कोअर ट्रान्सक्रिप्टवर छापते का? काही शाळा छापतात, आणि तसं असेल तर निवडायला काही उरतच नाही.

याला अपवाद आहेत. येल युनिव्हर्सिटीने २०२४ मध्ये जाहीर केलं की एसएटी किंवा एसीटी या प्रवेशासाठीच्या परीक्षांच्या जागी एपी किंवा आयबीचे (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) स्कोअर दिले तरी चालतील, पण एपी निवडलं तर तोवर दिलेल्या सगळ्या एपी परीक्षांचे स्कोअर द्यायचे, म्हणजे नववीतला २ सुद्धा. ज्या कॉलेजला अर्ज करायचा त्यांचे त्या वर्षीचे नियम वाचल्याशिवाय काही गृहीत धरू नका.

कॅलिफोर्नियावाल्यांसाठी तर वेगळंच. यूसीचा (तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा) जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, दहावी-अकरावीच्या विषयांवर निघतो, त्यामुळे नववीत घेतलेल्या एपीला त्यात जादा पॉइंट मिळतच नाही. जादा पॉइंटलाही ८ सेमिस्टरची मर्यादा आहे आणि त्यातली दहावीची जास्तीत जास्त ४. नववीचे विषय ते बघतात जरूर, पण "जीपीए वाढेल" म्हणून १४ वर्षांच्या पोराला तीन-तीन एपी घ्यायला लावण्यात तिथे तरी काही हशील नाही.

मग लवकर एपी देण्याचा फायदा काय? आहे, चांगला आहे. बारावीतल्या मेच्या परीक्षांचा निकाल जुलैत येतो आणि अ‍ॅडमिशनचे निर्णय मार्चअखेरपर्यंत होऊन गेलेले असतात, म्हणजे अर्जात जे स्कोअर दिसू शकतात ते नववी ते अकरावीचेच. त्यातही नववीतल्या एका ५ ने कोणी हुरळून जात नाही, पण दहावीत वर्ल्ड हिस्ट्री ४, अकरावीत कॅल्क्युलस बीसी (एपीतला कॅल्क्युलसचा वरचा कोर्स) ५ असा चढता आलेख दिसला की शाळेने दिलेल्या ए ग्रेडला वजन येतं. शिवाय काउन्सिलर कॉलेजला कळवतो की तुमच्या शाळेत जे काही होतं त्यातलं किती अवघड या मुलाने घेतलं. शाळेत एपी पाचच असतील तर पाचांच्या हिशोबाने बघतात, शेजारच्या गावातल्या शाळेशी तुलना करून रात्रीची झोप घालवू नका.

भारतातून मधल्या वर्गात आलेल्या मुलांचं गणित खास जपा. आपल्याकडे बीजगणित-भूमिती एकाच वर्षी शिकवतात, इथे अल्जेब्रा १, जिऑमेट्री, अल्जेब्रा २ अशी एकामागून एक वर्षं असतात, आणि आपलं मार्कशीट बघून शाळेला कळत नाही की पोराला कुठे बसवायचं. बऱ्याचदा खालच्या वर्गात टाकतात आणि मग अकरावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचताच येत नाही. पहिल्याच आठवड्यात प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे पोराला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी परीक्षा, मागा. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर नववीतल्या कुठल्याही एपी स्कोअरपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

आणि लिहिण्याचं. ठाण्याहून दहावीत आलेला एक मुलगा माझ्याकडे वर्ल्ड हिस्ट्रीचा सराव करायचा. त्यात एक मोठा प्रश्न असतो, ७ कागदपत्रं देतात, तासाभरात ती वाचून, त्यांचा आधार घेऊन आपलं म्हणणं मांडायचं. पोरगा हुशार, सनावळी तोंडपाठ, पण उत्तर बोर्डाच्या पद्धतीने मुद्दे १, २, ३, ४. कागदपत्रांना हातच नाही! आम्ही बसून एकच गोष्ट घोटली, पहिल्या दोन-तीन ओळीत तुझं मत सांग, मग प्रत्येक कागद त्या मताला कसा लागू होतो ते लिही, आणि हा कागद कोणी, कोणासाठी लिहिला तेही सांग. मार्चपर्यंत त्याचा हात बसला. हे नववीतच शिकून झालं तर पुढचे सगळे इतिहासाचे आणि इंग्रजीचे एपी सोपे जातात, म्हणून नववीत एखादा ह्युमन जिऑग्राफीसारखा एपी घ्यायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. एखादाच पण.

पैशाचं शेवटी, कारण क्रेडिट मिळालं तर तेवढ्या विषयाची फी वाचू शकते. क्रेडिट मिळणं आणि अ‍ॅडमिशन मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी. कॅलटेक एपीवर क्रेडिट देतच नाही, एमआयटीत कॅल्क्युलस बीसीच्या ५ वर पहिला कॅल्क्युलस सुटतो, यूसी ३ पासून क्रेडिट देते. अर्जात स्वतः भरलेला स्कोअर बहुतेकांना पुरतो, एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेकडून अधिकृत स्कोअर कॉलेज पक्कं झाल्यावर पाठवायचे. दरवर्षी एका कॉलेजला फुकट पाठवता येतात पण त्याची मुदत २० जून, म्हणजे निकाल लागायच्या आधीच, तर नववी-दहावीत ते फुकट आहे म्हणून कुठेही पाठवत बसू नका. बारावीच्या जूनमध्ये ज्या कॉलेजला जायचं ठरलंय तिथे पाठवा, त्यात आधीच्या वर्षांचे स्कोअरही जातात.