फोकस स्टॅकिंग: सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी या चुका टाळा

फोकस स्टॅकिंग म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत एकाच फुलाच्या बऱ्याच फ्रेम काढायच्या आणि सॉफ्टवेअरने त्यांचे शार्प भाग जोडून एक फोटो करायचा. फुलांचे मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो, काढणाऱ्या पोरांचा मेसेज ठरलेला असतो. एक बिघडलेला फोटो आणि खाली 'काका, हेलिकॉन घेऊ का झेरीन?' ही दोन्ही स्टॅकिंगची सॉफ्टवेअर. फोटो मोठा करून बघितला की कळतं, बाबा रे कुठलंही घे, गडबड फ्रेममध्येच आहे, सॉफ्टवेअर बिचारं काय करणार.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तोडलेलं फूल हलत नाही असं धरून चालणं. वाऱ्याचं सगळ्यांना कळतं. उत्तरायणला पतंगांसाठी अख्खं बडोदं गच्चीवर वारा मागत असतं तेव्हा कमाटीबागेत स्टॅक करायला कोणी जात नाही, आणि एरवीही उजाडताना हवा पडलेली असते तेवढ्यातच काय ते काम उरकायचं. पण घरात आणलं, पंखा बंद केला, की झालं असं वाटतं. नाही झालं! कळी उमलत असते, पाकळ्या मागे वळत असतात, दांडा दिव्याच्या उबेने वाकतो.

दांडिया बाजारात ओळखीतला एक मुलगा आहे, जुन्या घरात राहतो. त्याने जास्वंदाचा स्टॅक केला, ऐंशी-नव्वद फ्रेम, आणि निकालात मधल्या दांड्याच्या टोकाला जी पाच मखमली बोंडं असतात ती प्रत्येकी दोन-दोन दिसायला लागली, पिवळे परागही डबल. गड्याने आधी सॉफ्टवेअर बदललं, मग ट्रायपॉड बदलला, मग लेन्स विकायला काढली. मी म्हटलं थांब, आधी पहिली आणि शेवटची फ्रेम एकावर एक ठेव आणि आलटून पालटून बघ. बघितलं तर पाकळी चांगली सरकलेली. सकाळी तोडलेलं अर्धवट उमललेलं फूल, लगेच दिव्याखाली ठेवून घाईघाईने सुरुवात केलेली. बरं, नुसतं तेवढंच नाही, मधल्या काही फ्रेममध्ये अख्खं चित्रच थरथरलेलं. घर लाकडी मजल्याचं, आजी स्वयंपाकघरातून देवघरात गेल्या की जमीन हलते आणि ट्रायपॉडही हलतो. 'काका, सॉफ्टवेअर अलाइन करून घेईल ने!' हे त्याचं उत्तर. अरे, अलाइन म्हणजे अख्खी फ्रेम सरकवणं, फिरवणं, लहानमोठी करणं. एकच पाकळी हलली तर ती कशी जुळवणार?

माझी सवय अशी की फूल पाण्यात ठेवतो, ज्या लाइटमध्ये फोटो काढायचा त्याच लाइटमध्ये राहू देतो आणि चहा पिऊन येतो. मग दोन फ्रेम काढतो, मधे थोडा वेळ जाऊ देऊन, आणि ताडून बघतो. सरकतंय तर अजून थांबतो. जास्वंद पूर्ण उमललेलंच घेतो, पण दुपार टळायच्या आत, संध्याकाळी ते मिटायला लागतं. खंडेराव मार्केटमधून आणलेल्या फुलांवर पाणी मारलेलं असतं, ते थेंब स्टॅक चालू असताना आटतात आणि घरंगळतात, म्हणून आधी टिपून घ्यायचे. थेंब हवेच असतील तर पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून आपले आपण लावायचे.

दुसरी चूक, कमी फ्रेममध्ये भागवणं. 1:1 ला, म्हणजे फूल सेन्सरवर खऱ्या आकाराएवढं पडतं तेव्हा, फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/8 ठेवलं तरी शार्प भाग जेमतेम एक मिलिमीटरचा मिळतो. तीन सेंटिमीटर खोल फुलाला एकावर एक थोडं चढवत जायचं म्हटलं तर चाळीसच्या वर फ्रेम लागतात. लोक बारा काढतात आणि मग पाकळीवर शार्प-धूसर-शार्प असे पट्टे येतात, बनारसी साडीच्या काठासारखे. मधे गॅप राहिली की ती कुठलंच सॉफ्टवेअर भरत नाही. दर फ्रेमला फोकस किती सरकवायचा त्या स्टेपचा कॅमेऱ्यातला 1 ते 10 आकडा म्हणजे मिलिमीटर नव्हे, तो अ‍ॅपर्चरप्रमाणे बदलतो, तेव्हा लहान आकड्यापासून सुरू करा. आणि कॅनन, निकॉनचं फोकस ब्रॅकेटिंग (कॅमेराच फोकस सरकवत फ्रेम काढतो ते) जिथे फोकस आहे तिथून मागे, लांबच्या बाजूला जातं, पुढे येत नाही. तुम्ही फुलाच्या मधोमध फोकस करून बटण दाबलंत तर पुढची बोंडं गेलीच. सगळ्यात जवळच्या टोकाच्याही किंचित अलीकडे फोकस करून सुरुवात करायची.

ह्यावर शॉर्टकट म्हणून भोक बारीक करून एफ/22 करणारे आहेत. 1:1 ला एफ/22 म्हणजे प्रत्यक्षात एफ/44 च्या आसपास, डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ पडतं. मग स्टॅकिंग करताय कशाला?

ऑटो व्हाइट बॅलन्स, ऑटो आयएसओ: बंद. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन: मी बंदच ठेवतो. साधा एलईडी बल्ब आणि इलेक्ट्रॉनिक शटर: फ्रेमवर आडवे पट्टे येतील, खिडकीचा उजेड वापरा. पण ढग ये-जा करत असतील तर तोही नको.

आता हेलो, म्हणजे केसराभोवती दिसणारी ती धूसर कड. पोरं म्हणतात सॉफ्टवेअरचा दोष. तसं नाही. मागच्या पाकळीवर फोकस असतो तेव्हा पुढचा केसर धूसर होऊन फुगतो आणि पाकळीचा तेवढा भाग झाकून टाकतो. म्हणजे केसराला लागून असलेली पाकळी शार्प अशी एकाही फ्रेममध्ये नसते, मग ती येणार कुठून? कॅमेरा थोडा बाजूला घेऊन केसराच्या मागे लांबची पाकळी न येता दूरचं साधं बॅकग्राउंड येईल असं बघा, कडेचा निम्मा त्रास तिथेच संपतो. उरलेलं हाताने. हेलिकॉनमध्ये मी सी मेथड आणि बी मेथड, फ्रेम जोडायच्या या दोन्ही पद्धती चालवतो. सी ला एकमेकांवरून गेलेले केसर नीट जमतात पण कॉन्ट्रास्ट आणि नॉइज वाढतो, बी ला पाकळीचा पोत छान राहतो पण कडा फसतात. मग बी वर सी मधले केसर ब्रशने आणायचे. झेरीनवाल्यांनी तेच डीमॅप (बी सारखं) आणि पीमॅक्सने (सी सारखं) करावं. ह्याला वेळ लागतो, तासभरही लागतो, आणि नेमका हाच तासभर नवीन लोकांकडे नसतो, दिवसभर रील बघायला असतो.

राहिली सेन्सरवरची धूळ. एका फोटोत एक ठिपका, पण स्टॅकमध्ये प्रत्येक फ्रेम थोडी लहानमोठी होऊन जुळते, त्यामुळे त्याच ठिपक्याची रांग होते, तगरीसारख्या पांढऱ्या फुलावर तर मुंग्या चालल्यासारखी दिसते. मी सुरू करण्याआधी एफ/16 ला पांढऱ्या कागदाचा आउट ऑफ फोकस फोटो काढून बघतो, ठिपका दिसला तर ब्लोअर मारतो. तेवढं करा, नाहीतर बसा मग रात्री रांगा पुसत.