उद्या सकाळच्या स्वतःसाठी रात्रीची दहा मिनिटं

डोंबिवलीहून लोकल पकडणाऱ्या बाईला सकाळी वेळ नसतोच, हे आधी मान्य करा. जे करायचं ते रात्री, ओटा पुसायच्या आधी.

मटकी सकाळी निघतानाच भिजत घाला. रात्री उपसून चाळणीत पूर्ण निथळू द्या. पाणी राहिलं की वास येतो. मग सुती फडक्यात घट्ट बांधून गाठोडं झाकून ठेवा. थंडीत मोड यायला वेळ लागतो, तेव्हा मी ते कुकरमध्ये झाकण लावून ठेवते. गॅस न पेटवता, अर्थात.

दह्याला दूध बोटाला सोसेल इतकंच कोमट हवं. चमचाभर विरजण घालून ढवळा आणि मग भांड्याला हात लावू नका. सासूबाई म्हणतात, हललं की दही रुसतं.

पास, किल्ल्या, छत्री दाराजवळच्या एकाच खुंटीवर.

आता पैशांचं. हे रोजचं नाही, पण सवयच आहे. पीपीएफचे, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीच्या बचत खात्याचे, पैसे ५ तारखेपर्यंत खात्यात जमा व्हायला हवेत. महिन्याचं व्याज ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. ६ तारखेला भरलेल्या रकमेला त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. वर्षाला किमान ५०० रुपये भरले तरी खातं चालू राहतं, वरची मर्यादा दीड लाख. १ तारखेला पगार होत असेल तर बँकेच्या अ‍ॅपवर ३ तारखेला आपोआप रक्कम वळती व्हायची सोय करून टाका. पगार उशिरा होणाऱ्यांनी आदल्या महिन्याचे पैसे बाजूला ठेवावेत.