एका पायावर उडी मारून दाखव

मी तालुक्याच्या गावात सर्जन आहे. रात्री अकराला दार वाजतं. बापाच्या खांद्यावर पोर, पोट धरून मुटकुळं झालेलं. "अपेंडिक्स असेल हो बाई." कधी असतं, कधी नसतं. ते ठरवणं माझं काम. पण गाडी काढेपर्यंत घरी काय बघायचं ते सांगते.

कुठे दुखतं ते एका बोटानं दाखवायला सांगा. अपेंडिक्सचं दुखणं बहुधा बेंबीपाशी सुरू होतं आणि काही तासांनी उजवीकडे खाली उतरतं. आधी दुखतं, मग उलटी. खाणं नकोसं होतं. मनावरच्या ताणानं दुखत असेल तर पोर बहुतेकदा बेंबीभोवती अख्खा तळवा फिरवतं. मग एका पायावर उडी मारायला सांगा. आत सूज असली की उडी मारवत नाही. रस्त्यातल्या खड्ड्यानंही पोर कळवळतं.

हिरवी उलटी, लाकडासारखं पोट, ताप, शौचात रक्त, झोपेतून उठवणारी कळ, मोठ्या मुलीची चुकलेली पाळी: यातलं काहीही असेल तर लगेच निघा, गाडी नसेल तर १०८ लावा. मुलगा असेल तर चड्डी उतरवून बघाच. अंडकोषाला पीळ पडला तर साधारण सहा तासांच्या आत सोडवावा लागतो, आणि पोरं लाजून "पोट दुखतंय" एवढंच म्हणतात. बेंबी सरकली म्हणून चोळून घेऊ नका, एरंडेल पाजू नका. (हे मी वीस वर्षं सांगतेय. आज्या ऐकत नाहीत.)

सातवीतली एक मुलगी तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा आली. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं ठीक. घरचे म्हणाले, "काढूनच टाका एकदाचं." हात लावला की किंचाळायची. गप्पा मारत त्याच जागी स्टेथोस्कोप दाबला, तर हूं की चूं नाही. तेवढ्यावरून मी कुणाला घरी पाठवत नाही. रात्रभर ठेवून घेतलं, दर तीन तासांनी पोट तपासलं. सकाळी विचारलं, "असं पोट कुणाचं दुखलेलं पाहिलंस?"

"आजोबांचं."

सांधेदुखीच्या गोळ्या खाऊन खाऊन जठराला भोक पडलेलं. त्या रात्री त्यांच्याजवळ हीच होती. ते कशानं गेले, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी केसपेपरच्या मागे जठर काढून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

म्हणून "टेन्शन आहे का?" असं विचारू नका, उत्तर "नाही" असंच येतं. कोणत्या वारी दुखतं, आधी काय झालं, जवळ कोण होतं, ते विचारा. पंधरा दिवस कॅलेंडरवर खुणा करा. "नाटकं करतेस" तर कधीच म्हणू नका. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, भीतीनं ते आवळतं आणि खरोखर दुखतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली यांनी १९५८ साली हजार शाळकरी मुलांची पाहणी छापली: दहात एकाहून जरा जास्त मुलांचं पोट वारंवार दुखत होतं, शारीरिक कारण सापडलं ते फार थोड्यांत. तपासून झालं की शाळा मात्र बुडवू देऊ नका.

आठ महिन्यांनी तीच मुलगी परत आली. आजी म्हणाली, "तेच हिचं नेहमीचं." मी म्हटलं, उडी मार बरं. तिनं पाय उचलला आणि भिंत धरली. संध्याकाळी अपेंडिक्स काढलं.