दोहाचा बॉक्स (कंटेनर) दुबईच्या जेबेल अली बंदरात अडकला तर: आखाती निर्यातीच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

‘अमुक देशाने तमुक देशाशी संबंध तोडले’ ही बातमी नवख्या माणसाला राजदूतांपुरती वाटते. न्हावा शेव्याच्या कागदपत्रांत ती येते बंदराच्या सर्क्युलरमधून. बातमी चहाबरोबर वाचा. सर्क्युलर मात्र दोनदा वाचा.

असं का, ते कतारवरून कळतं. मार्च २०१४ मध्ये सौदी, अमिराती आणि बहरीनने दोहातून राजदूत परत बोलावले. नोव्हेंबरमध्ये समेट झाला, आणि त्या सगळ्या काळात सीमा उघडीच होती. ५ जून २०१७ ला याच तिघांनी इजिप्तला सोबत घेऊन संबंध तोडले, तेव्हा मात्र जमीन, समुद्र, आकाश सगळंच एकदम बंद. कतारची जमिनीवरची सीमा एकच, सौदीला लागून. खाण्यापिण्याचा सुमारे ४० टक्के माल त्याच वाटेने यायचा. गंमत म्हणजे डॉल्फिन पाइपलाइनमधून कतारचा गॅस अमिरातीला तेव्हाही जातच होता. भांडण किती कडू आहे यावरून कुठला नळ बंद आणि कुठला चालू हे ठरत नाही.

अमिरातीतल्या बंदरांच्या त्या सर्क्युलरांत पाहायच्या गोष्टी तीन होत्या: जहाजाचा झेंडा, जहाजाची मालकी आणि जहाज कुठून कुठे चाललंय. नवखे झेंड्याशीच थांबतात. डेन्मार्कच्या कंपनीची सेवा असली, तरी कतारचा माल जेबेल अलीमार्गे पुढे जाणार नव्हता.

असं काही झालं की पहिला प्रश्न: बॉक्स नेमका कुठे आहे? कस्टम्सची निर्यात परवानगी मिळाली नसेल तर फार बिघडलेलं नाही. मिळाली असेल आणि बंदर बदलायचं असेल, तर कस्टम ब्रोकरमार्फत शिपिंग बिलात, म्हणजे कस्टम्सला दिलेल्या निर्यातीच्या कागदात, कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्ती. माल बंदरातून परत आणायचा असेल तर ‘बॅक टू टाउन’ची परवानगी. जहाज सुटलं असेल तर लाइनकडे, म्हणजे जहाज कंपनीकडे, ‘चेंज ऑफ डेस्टिनेशन’ मागा, तेही जहाज मधल्या बंदराला लागायच्या आत. इथेच हमखास घोळ होतो. लाइन बीएलच्या (बिल ऑफ लेडिंग, माल चढल्याची लाइनची पावती) सगळ्या मूळ प्रती मागते, बहुधा ३, आणि त्या एलसीच्या (लेटर ऑफ क्रेडिट, पैसे देण्याची बँकेची हमी) कागदांबरोबर बँकेत गेलेल्या असतात. म्हणून मूळ प्रती कोणाच्या हातात आहेत, हे पहिल्याच दिवशी फोन करून पक्कं करा.

माल मधल्या बंदरात उतरला असेल तर मीटर सुरू झाला समजा. बंदराचं भाडं, कंटेनर अडकवून ठेवल्याचा दंड म्हणजे डिटेन्शन, आणि रीफर (थंड कंटेनर) असेल तर विजेचा रोजचा आकार. उणे १८ अंशांवरचं गोठवलेलं मांस वाट पाहू शकतं; ताजी भाजी नाही. बीएलच्या मागच्या बारीक अक्षरांत लाइनला माल दुसरीकडे उतरवून प्रवास संपला म्हणायची मुभा असते, खर्च मालवाल्याचा. ते पान आधीच वाचून ठेवा.

एलसीत ‘ट्रान्सशिपमेंट (मधल्या बंदरात जहाज बदलणं) चालणार नाही’ लिहिलं असलं, तरी यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या कलम २० प्रमाणे माल कंटेनरमध्ये चढल्याचं बीएलवर दिसत असेल तर बँकेला चालतं, एलसीत ते कलमच वगळलेलं नसेल तर. पण उतरण्याचं बंदर बदललं तर दुरुस्ती लागतेच. आणि कागद बँकेत द्यायला चढवल्यापासून २१ दिवस. एलसीत वेगळी मुदत असेल तर ती.

विम्याच्या बाबतीत गैरसमज फार. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस (ए), म्हणजे मालाचा सर्वांत व्यापक विमा, घेतलं, म्हणजे उशिराने झालेलं नुकसान मिळेल असं नाही. उशीर वगळलेला आहे. प्रवास मधेच संपवला गेला तर विमा चालू राहण्यासाठी कंपनीला ताबडतोब कळवावं लागतं. मेल आजच पाठवा.

वाढीव खर्च कोणाचा, याचं मूळ विक्रीच्या अटीत. एफओबीला (जहाजाचं भाडं खरेदीदाराचं) तो सहसा खरेदीदाराकडे जातो. सीआयएफला (भाडं आणि विमा विकणाऱ्याचा) जोखीम जहाजावर चढवतानाच खरेदीदाराकडे गेली, पण भाड्याचा करार तुमचा, म्हणून वाद. डीएपी दोहा (माल दोहात पोहोचवून देण्याची अट) लिहिलं असेल तर पोहोचेपर्यंत सगळं तुमच्याच गळ्यात.

२०१७ मध्ये वाटा निघाल्या त्या ओमानमधून, कारण ओमान आणि कुवेत या भांडणात पडले नाहीत. तिथल्या सोहार आणि सलाला बंदरांतून फीडर (छोटी जोड-जहाजं) कतारच्या हमद बंदराला जाऊ लागले, त्याच वर्षी न्हावा शेवा आणि मुंद्र्याहून हमदची थेट सेवाही आली. थेट सेवेत मधलं बंदरच नाही, म्हणून कोटेशन देताना थोडं महाग पडलं तरी ती आधी दाखवा.

पुन्हा उघडतानाही सगळं एकदम उघडत नाही. ५ जानेवारी २०२१ ला सौदीतल्या अल-उलाच्या परिषदेत समेटावर सह्या झाल्या, ९ तारखेला सौदी-कतार सीमेवरच्या सल्वावरून गाड्या सुटल्या. अमिराती आणि कतारचे दूतावास मात्र जून २०२३ मध्ये उघडले; तोवर जेबेल अलीचे बॉक्स केव्हाच हलायला लागले होते.